काळा पट्टा, निळा पट्टा

वर्ध्यातलं मे महिन्यातलं लग्न. दुपारी वरात निघाली तेव्हा पारा पंचेचाळिशीच्या घरात. फोटोग्राफरच्या हाताखालच्या पोराने उन्हाला तोंड देण्यासाठी कॅमेऱ्याच्या शटरचा वेग १/१००० वर नेऊन ठेवला. संध्याकाळी स्वागत समारंभ हॉलमध्ये. त्याने कॅमेऱ्यावर फ्लॅशचा ट्रिगर चढवला आणि आहेर घेऊन येणाऱ्या पाहुण्यांचे फोटो काढायला सुरुवात केली. शटरचा वेग बदलायचं राहिलं. पाच-सात फोटोंनंतर स्क्रीनवर पाहिलं तर सगळ्यांच्या खालच्या भागात काळोख. वर पागोटी आणि चेहऱ्यांची जराशी पट्टी दिसतेय, बाकी काही नाही. तेवढ्यात मागून कोणी तरी डोकावतं आणि विचारतं, ‘‘भाऊ, अर्धा फोटो काऊन काया आला?’’

प्रश्न अगदी योग्य आहे. फ्लॅश तर लखकन उडाला होता, सगळ्यांचे डोळे दिपले होते. मग प्रकाश गेला कुठे?

याच प्रश्नाचं दुसरं रूप महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, मालवणच्या समुद्रात भेटतं. तिथे पाण्याखाली फोटो काढणाऱ्याच्या कॅमेऱ्याला दोन्ही बाजूंनी लांब हात जोडलेले असतात आणि हातांच्या टोकांना फ्लॅश. पाणबुडे त्याला स्ट्रोब म्हणतात. प्रवाळावर दोन्ही स्ट्रोब उडतात, फोटो निघतो, काढणारा खूश होतो. घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिल्यावर मात्र लक्षात येतं की वरच्या भागातल्या माशांवर रंग आहेत आणि खालचं प्रवाळ मरगळलेलं, निळसर राखाडी आहे. चूक तीच, वर्ध्याच्या हॉलमधली. पण हॉलमध्ये ती काळी होऊन समोर उभी राहते आणि समुद्रात निळी होऊन लपते. पाण्यात वरून झिरपणारा सूर्यप्रकाश असतो. स्ट्रोबचा प्रकाश जिथे पोचत नाही तिथे काळोख होत नाही, पाण्याचा निळा-हिरवा रंग भरतो. त्यामुळे ‘पाणीच गढूळ होतं’, ‘स्ट्रोब कमी पडला’, ‘लेन्स बरी नाही’ असे तर्क चालू राहतात. कैक जणांनी या गैरसमजापायी नवे स्ट्रोब विकत घेतले असतील.

दोष स्ट्रोबचा नसतो, पाण्याचाही नसतो. तो कॅमेऱ्याच्या पोटातल्या पडद्याचा असतो.

हा पडदा समजून घ्यायला वर्ध्याच्या बाजारातल्या कुठल्याही दुकानाचं शटर पुरे. फक्त एकाऐवजी दोन शटरं आहेत अशी कल्पना करायची. दुकान झाकलेलं आहे. बटण दाबलं की पहिलं शटर वरून खाली सरकत जातं आणि त्याच्या मागे दुकान उघडं पडत जातं. ठरलेला वेळ गेला की दुसरं शटर त्याच दिशेने, त्याच चालीने वरून खाली येतं आणि दुकान झाकत जातं. आजच्या बहुतेक डीएसएलआर आणि बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांत सेन्सरसमोर असे दोन पडदे असतात. गंमत अशी की पडद्यांची चाल कधीच बदलत नाही. वरून खाली यायला त्यांना साधारण तीन-चार मिलिसेकंद लागतात, मग आपण वेग १/६० ठेवा की १/४०००. बदलतं ते फक्त पहिल्या आणि दुसऱ्या पडद्यातलं अंतर. १/६० ला पहिला पडदा खाली पोचून बराच वेळ झालेला असतो, तेव्हा कुठे दुसरा निघतो. १/१००० ला मात्र पहिला वाटेतच असताना दुसरा त्याच्या पाठीवर बसतो. पूर्ण दुकान एका क्षणी कधीच उघडं नसतं. एक फट तेवढी वरून खाली सरकत जाते.

आता अंधाऱ्या रात्री वीज चमकली असं समजा. वीज क्षणार्धाची. त्या क्षणी दुकान पूर्ण उघडं असेल तर आतलं सगळं उजळेल. नुसती फट उघडी असेल तर फटीपुरतंच उजळेल. फ्लॅश ही अशीच वीज. झेनॉन वायूच्या नळीतला लखलखाट पूर्ण ताकदीवरही सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आटोपतो, ताकद कमी ठेवली तर त्याहून कितीतरी लवकर. म्हणून दोन्ही पडद्यांच्या मध्ये पूर्ण सेन्सर उघडा असेल, असा जो सगळ्यात जास्त वेग, त्याला त्या कॅमेऱ्याचा ‘फ्लॅश सिंक स्पीड’ म्हणतात. बहुतेक कॅमेऱ्यांत तो १/१६० ते १/२५० असतो. १/२५० म्हणजे चार मिलिसेकंद. त्यातले तीन पहिला पडदा खाली यायलाच गेले तर लखलखाटासाठी एकच मिलिसेकंद उरतो. हिशेब इतका काटेकोर आहे.

काळा पट्टा बहुधा खालीच का येतो, याचंही उत्तर यात आहे. लेन्समधून सेन्सरवर पडणारी प्रतिमा उलटी असते. दृश्याचा खालचा भाग सेन्सरच्या वरच्या कडेला. पहिला पडदा तळाला टेकला की फ्लॅश उडतो, पण तोवर दुसऱ्या पडद्याने वरची कड झाकायला घेतलेली असते. झाकली जाते सेन्सरची वरची बाजू आणि काळी येते ती फोटोची खालची. समुद्रात हे आणखी नडतं. प्रवाळ, कोळंब्या, खडकावरचे सी-ॲनिमोन, म्हणजे ज्यांना रंग आणण्यासाठी स्ट्रोब वाहून नेले ते सगळं बहुतेक वेळा चौकटीच्या खालच्या अर्ध्यात असतं.

वर्ध्याचा आणि फ्लॅशचा संबंध लग्नाच्या हॉलपेक्षा जुना आहे, आणि तो नकाराचा आहे. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले. १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. त्यांच्या नात्यातला कनू गांधी हा तरुण आश्रमात काम करत होता. त्याला फोटोची ओढ लागली. घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, त्यातून रोलायफ्लेक्स कॅमेरा आला. गांधीजींनी परवानगी दिली, पण तीन अटींवर: फ्लॅश वापरायचा नाही, पोज द्यायला सांगायचं नाही आणि आश्रमाच्या पैशाला हात लावायचा नाही. पुढची दहाएक वर्षं कनूभाईंनी या अटी पाळून फोटो काढले. बापूकुटीच्या कुडाच्या भिंती आणि बांबूच्या झडपांतून येणारा उजेड, त्यातच जमेल ते. कित्येक फोटो हललेले आहेत, कित्येकांत चेहरा सावलीत आहे, आणि तरीही त्या काळातल्या सेवाग्रामचं त्याहून जवळचं चित्र दुसरं नाही.

अमेरिकेच्या ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट यांना १९४६ मध्ये पुण्यात गांधीजी चरख्यासोबत टिपायचे होते. त्यांना थोडी सूट मिळाली: फक्त तीन फ्लॅशबल्ब. पहिले दोन प्रयत्न फसले. तिसरा बल्ब नीट उडाला आणि जगभर छापला गेलेला तो फोटो निघाला. तीनातले दोन फुकट जाणं हा त्या काळात काही अपवाद नव्हता. बल्बमधली धातूची तार पेट घ्यायला वेळ लागे. बटण दाबल्यावर सुमारे वीस मिलिसेकंदांनी ती पूर्ण तेजाला पोचे. म्हणून पुढे कॅमेऱ्यांवर ‘एम’ आणि ‘एक्स’ अशी दोन अक्षरं आली. ‘एम’ म्हणजे बल्बसाठी थोडं थांबून शटर उघडणं, ‘एक्स’ म्हणजे इलेक्ट्रॉनिक फ्लॅशसाठी लगेच. जुन्या यशिकावर काम केलेल्या स्टुडिओवाल्यांना ती छोटी खिट्टी आठवत असेल. ती चुकून ‘एम’वर राहिली आणि वर इलेक्ट्रॉनिक फ्लॅश लावला, की शटर उघडायच्या आधीच उजेड संपून जाई आणि निगेटिव्ह कोरी.

कनूभाईंच्या रोलायफ्लेक्सबद्दल इथे आणखी एक सांगण्यासारखं आहे. त्या कॅमेऱ्यात पडदे नव्हतेच. लेन्सच्या आत धातूच्या पातळ पाकळ्या असत; त्या मधून उघडत आणि पुन्हा मिटत. पानांचं शटर. पाकळ्या उघडल्या की पूर्ण फिल्मवर एकदम प्रकाश पडतो, त्यामुळे अशा शटरला अर्धा फोटो काळा येण्याचा आजारच नाही. १/५०० ठेवा, फ्लॅश उडवा, फोटो पूर्ण. ज्या माणसाच्या हाती फ्लॅशसाठी असं निर्धोक यंत्र होतं, त्यालाच फ्लॅशची मनाई होती!

आणि हेच रोलायफ्लेक्स पुढे समुद्रात गेलं. ऑस्ट्रियाचे पाणबुडे हान्स हास यांनी जर्मनीच्या फ्रांके आणि हायडेके कंपनीबरोबर १९५० च्या दशकात त्यासाठी ‘रोलायमरीन’ नावाची जलाभेद्य पेटी घडवली. वजनदार, धातूची, पण फ्लॅशच्या बाबतीत बिनतक्रार. त्या पिढीच्या पाणबुड्यांना सिंकचा प्रश्न फारसा छळत नव्हता. त्यांचा छळ करणारे प्रश्न वेगळे होते.

त्यांच्याही आधीचे प्रश्न तर जीवावरचे होते. फ्रान्सच्या बानियुल्स-सूर-मेर इथे लुई बूतां या जीवशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये पाण्याखाली फोटो काढले, तेव्हा त्याच्याजवळ काचेच्या भांड्यात प्राणवायू भरून आत मॅग्नेशियम जाळायची सोय होती. ती भांडी फुटत. मग त्याने मोठ्या पिंपावर स्पिरिटचा दिवा बसवला आणि रबरी फुग्याने मॅग्नेशियमची पूड ज्योतीवर फुंकली. १९२६ मध्ये फ्लोरिडाजवळ विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो घेतले. ते पुढच्या जानेवारीत ‘नॅशनल जिओग्राफिक’मध्ये छापून आले. त्या काळच्या रंगीत फोटोच्या काचा प्रकाशाला इतक्या मंद की पाण्यावर तराफा तरंगत ठेवून त्यावर एका वेळी पौंडभर मॅग्नेशियमची पूड पेटवावी लागे. खाली शटर उघडलं की विजेच्या तारेने वर पूड पेटायची. सिंक म्हणजे काय, ते इथे शब्दशः दिसतं: खालचं शटर आणि वरचा स्फोट एकाच क्षणी. एकदा पूड अवेळी पेटली आणि लाँगली चांगलेच भाजले.

हा सगळा उपद्‌व्याप हॅरॉल्ड एजर्टन यांच्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशने मोडीत काढला. अमेरिकेतल्या एमआयटीचे हे प्राध्यापक १९५० च्या दशकात जाक कूस्तो यांच्या ‘कॅलिप्सो’ जहाजावर आपले स्ट्रोब घेऊन गेले आणि खलाशांनी त्यांचं नाव ‘पापा फ्लॅश’ ठेवलं. पण कूस्तोंच्याच कंपूतून समुद्रात पडद्याचं शटरही आलं. त्यांच्यासाठी झां द वूटर्स यांनी पेटीशिवाय पाण्यात नेता येणारा छोटा कॅमेरा आखला, निकॉनने तो १९६३ पासून ‘निकॉनोस’ या नावाने बनवला आणि जगभरच्या पाणबुड्यांच्या गळ्यात तोच आला. सुटसुटीत, टिकाऊ, आणि पडद्याचा. १९८४ च्या ‘निकॉनोस पाच’चा सिंक स्पीड १/९० होता. ज्यांच्याजवळ आज १/२०० चा कॅमेरा आहे आणि जे कुरकुरतात, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

एवढी कुरकुर कशासाठी, असं वाचणाऱ्याला वाटेल. १/२०० च्या खाली राहा, पट्टा येणार नाही, विषय संपला. हॉलमध्ये खरंच संपतो. पाण्यात इथूनच सुरू होतो.

पाणी लाल रंग खातं. पाच मीटर खोलीवर लाल प्रकाशाचा थोडकाच वाटा उरतो, दहा मीटरवर जवळपास काहीच नाही. मग केशरी जातो, मग पिवळा. मालवणला हौसेने बुडी मारून आलेल्या पर्यटकांचे व्हिडिओ हिरवट-निळे दिसतात ते यामुळेच. लहान ॲक्शन कॅमेऱ्यांना फ्लॅश जोडायची सोयच नसते. रंग परत आणायचा तर उजेड सोबत न्यावा लागतो. तोही जवळून टाकावा लागतो, कारण स्ट्रोबपासून प्रवाळापर्यंत आणि प्रवाळापासून लेन्सपर्यंत असा पाण्यातला प्रवास त्याला दोनदा करावा लागतो. मीटर-दीड मीटरच्या पुढे स्ट्रोबचा फारसा उपयोग नाही.

म्हणजे पाण्याखालच्या प्रत्येक फोटोत दोन उजेड असतात. एक वरून येणारा सूर्याचा, तो मागचं निळं पाणी रंगवतो. दुसरा स्ट्रोबचा, तो पुढचं प्रवाळ रंगवतो. एका बादलीवर दोन नळ आहेत असं म्हणा. सूर्याचा नळ सतत वाहतो. बादली जितका वेळ खाली, तितकं पाणी जास्त. स्ट्रोबचा नळ एकदाच भसकन ओततो आणि बंद होतो. बादली त्याच्याखाली किती वेळ होती याने काही फरक पडत नाही. शटरचा वेग म्हणजे बादली खाली ठेवण्याचा वेळ. तो फक्त सूर्याच्या नळावर चालतो. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं छिद्र, हे बादलीचं तोंड. ते लहान केलं तर दोन्ही नळांचं पाणी घटतं.

मालवणच्या किनाऱ्याजवळ पर्यटकांच्या बहुतेक बुड्या उथळ असतात आणि बुड्यांचा मोसम पावसाळ्यानंतर मे महिन्यापर्यंतचा. म्हणजे वर कडक ऊन, खाली चार-सहा मीटर पाणी. अशा वेळी फोटोग्राफरला हवी असते ती एक लाडकी चौकट: पुढे प्रवाळ आणि मासे, मागे निळं पाणी आणि वर पाण्याच्या पृष्ठभागातून चमकणारा सूर्य, त्याच्या किरणांच्या सळया खाली उतरताना. सूर्य आटोक्यात ठेवायचा आणि सळया धारदार हव्या तर शटर वेगवान हवं, १/३२० तरी, शक्यतो त्याहून जास्त. लाटांमुळे या सळया सतत नाचतात. १/१०० ला त्यांचा धूर होतो आणि सूर्याच्या जागी पांढरा भगभगीत डाग उरतो. फिल्मवर हा डाग हळूहळू निळ्यात विरघळायचा, म्हणून निकॉनोसवाले १/९० वरही निभावून न्यायचे. डिजिटल सेन्सर तसा माफ करत नाही. पांढरं जिथे संपतं तिथे करवतीने कापल्यासारखी कड आणि तिच्याभोवती बेगडी आकाशी कडं येतं.

मग ॲपर्चर बारीक करावं? एफ/८ वरून एफ/१६ केलं तर सूर्य चौथाईवर येतो खरा, पण स्ट्रोबचा उजेडही चौथाईवर येतो. तो भरून काढायला स्ट्रोब चौपट ताकदीने उडवावा लागतो. तो आधीच पूर्ण ताकदीवर असेल तर संपलंच. नसेल तरी आता प्रत्येक लखलखाटानंतर पुन्हा भरायला त्याला काही सेकंद लागतात आणि मासे तोवर पोज देत थांबत नाहीत. एका बाजूला सिंकची वेस, दुसऱ्या बाजूला स्ट्रोबची ताकद, आणि डोक्यावर मालवणचं ऊन. पाण्याखालचा सिंकचा प्रश्न म्हणजे ही कोंडी आहे. नुसता पट्टा हे तिचं बाहेर दिसणारं लक्षण.

खोल आणि अंधाऱ्या जागी हा प्रश्न उरतच नाही. सिंधुदुर्गात निवतीच्या खडकांजवळ ‘आयएनएस गुलदार’ ही निवृत्त युद्धनौका समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालचं संग्रहालय करण्याची योजना राज्याने आखली. बुडालेल्या जहाजाच्या पोटात सूर्याचा त्रास नसतो, उलट उजेडासाठी शटर मंद करावं लागतं. अगदी जवळून गोगलगाय किंवा खेकडा टिपणाऱ्यांनाही काळजी नाही. ते ॲपर्चर इतकं बारीक ठेवतात की सूर्य हिशेबातून बाद होतो. त्रास आहे तो उथळ, उजळ, रुंद चौकटीचा. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत अरबी समुद्रात अँग्रिया बँक नावाचं पाण्याखालचं पठार आहे, वीस-बावीस मीटरपासून सुरू होणारं, प्रवाळांनी भरलेलं. किनाऱ्याच्या गाळापासून ते दूर असल्यामुळे पाणी स्वच्छ. तिथे गेलेल्याला सूर्य जरा सौम्य भेटतो. पण तिथे सहज कोणी जात नाही, आणि मालवणला सगळेच जातात.

या कोंडीतून वाटा निघाल्या आहेत, पण प्रत्येक वाटेवर जकात आहे.

सगळ्यात जास्त गाजावाजा होतो तो हाय स्पीड सिंकचा. फट सरकत असताना फ्लॅशने एकदाच न लखलखता अतिशय वेगाने फडफडत राहायचं, म्हणजे फट जिथे जिथे जाईल तिथे उजेड मिळेल. जमिनीवर वर्ध्याच्या उन्हात नवरीचा चेहरा उजळायला ही युक्ती छान चालते. पाण्यात मात्र तिची किंमत दुप्पट मोजावी लागते. फडफडणाऱ्या उजेडातला मोठा भाग बंद पडद्यावर आदळून वाया जातो, आणि जो उरतो त्यातला पाणी खातं. रेट्रासारख्या काही कंपन्यांच्या स्ट्रोबमध्ये ही सोय आता मिळते. अगदी जवळच्या विषयासाठी ती कामाची आहे. दोन मीटरवरच्या प्रवाळाच्या भिंतीसाठी तिच्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही.

दुसरी वाट जुनी आणि स्वस्त आहे: पानांचं शटर. सोनीच्या आरएक्स१०० मालिकेसारख्या खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यांत लेन्सच्या आत पाकळ्या असतात, अगदी कनूभाईंच्या रोलायफ्लेक्ससारख्या, आणि त्यांना १/२००० पर्यंत फ्लॅश चालतो. तीन-चार लाखांची सामग्री घेऊन उतरलेल्या माणसाशेजारी छोटा कॅमेरा घेतलेला कॉलेजचा पोरगा सूर्याचा गोळा जास्त नीटस टिपून जातो, त्यामागचं कारण हे. अशीच एक गोष्ट निकॉनच्या डी७० आणि डी४० या जुन्या डीएसएलआरची. त्यांच्या सीसीडी सेन्सरमुळे त्यांना १/५०० चा सिंक मिळाला होता. नंतरच्या कितीतरी महागड्या कॅमेऱ्यांत तो पुन्हा १/२५० वर घसरला. प्रगती नेहमी पुढेच जाते असं नाही.

नव्या मिररलेस कॅमेऱ्यांतलं इलेक्ट्रॉनिक शटर हा तर सापळाच आहे. त्यात पडदे नाहीत म्हणून अडचण नाही असं वाटतं. पण बहुतेक सेन्सर आपल्या ओळी एकामागून एक वाचतात आणि ते वाचन पडद्यांपेक्षाही सावकाश होतं. म्हणून अनेक कॅमेरे त्या शटरवर फ्लॅश उडवूच देत नाहीत. सोनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ए९ थ्रीने हा प्रश्न मुळापासून सोडवला. त्याचा सेन्सर सगळ्या ओळी एकाच क्षणी टिपतो, म्हणून कुठल्याही वेगाला फ्लॅश चालतो. किंमत ऐकली की पाणबुडा पुन्हा १/२०० वर सुखाने राहतो.

आणि एक फुकटची युक्ती. पट्टा फोटोच्या खालच्या बाजूला येतो ना? मग कॅमेरा पेटीसकट उलटा धरायचा. पट्टा फोटोच्या वरच्या बाजूला जातो. वर काय आहे? मोकळं निळं पाणी, जिथे स्ट्रोबचा उजेड तसाही पोचत नाही. म्हणजे पट्टा असून नसल्यासारखा. मर्यादेच्या एक-दोन पायऱ्या वर, १/३२० किंवा १/४०० ला, ही चलाखी खपून जाते. प्रवाळ चौकटीच्या खालच्या अर्ध्यात असेल तरच, एवढं भान ठेवायचं.

यंत्राच्या या सगळ्या गोष्टींपेक्षा बुड्या जास्त वाया जातात त्या तारेच्या घोळात. कॅमेरा पेटीत बंद, स्ट्रोब बाहेर. निरोप पोचवायला एक तर विजेची तार हवी किंवा प्रकाश वाहून नेणारी फायबर ऑप्टिक केबल. विजेच्या तारेच्या तोंडाशी खारं पाणी शिरलं की पिना हिरव्या पडतात आणि स्ट्रोब कधी उडतो, कधी नाही. म्हणून आता बहुतेकांकडे फायबर आहे. कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश पेटीतल्या पेटीत उडतो, त्याचा उजेड केबलमधून स्ट्रोबच्या डोळ्यापर्यंत जातो आणि मग स्ट्रोब उडतो. अडचण अशी की उजेडाचा अंदाज घ्यायला कॅमेरा मुख्य लखलखाटाआधी एक छोटा चाचणी-फ्लॅश उडवतो. भोळा स्ट्रोब त्यालाच हुकूम समजून आपली सगळी ताकद ओततो आणि खरं शटर उघडतं तेव्हा रिकामा असतो. फोटो पूर्ण निळा येतो. काढणारा मात्र शपथेवर सांगतो की स्ट्रोब उडाला, मी डोळ्यांनी पाहिला. तो खरंच बोलतो.

म्हणून फोटो पाहताना एवढं ओळखता यायला हवं. एका सरळ रेषेच्या खालीच निळं असेल तर शटरचा वेग सिंकच्या वर गेलाय. पूर्ण चौकट निळी असेल तर स्ट्रोब चुकीच्या क्षणी उडालाय किंवा उडालाच नाही. आणि रंग मधेच हळूहळू विरत गेला असेल, रेषा नसेल, तर विषय लांब आहे, जवळ जा. पाण्यात पांढरे ठिपके भरले असतील तर त्याचा सिंकशी संबंध नाही. तो गाळ आहे, धुक्यात गाडीचे दिवे लावल्यावर दिसतो तसा. स्ट्रोबचे हात आणखी फाकवले की कमी होतो.

कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत छापलेला सिंक स्पीडही डोळे झाकून मानू नये. तो कंपनीच्या स्वतःच्या फ्लॅशसाठी मोजलेला असतो. बाहेरचा ट्रिगर, केबल, स्ट्रोबचं इलेक्ट्रॉनिक्स या प्रत्येक टप्प्यावर थोडा थोडा उशीर साचतो, आणि पूर्ण ताकदीवर स्ट्रोबचा लखलखाट जास्त वेळ रेंगाळतो. मिलिसेकंदभराच्या खिडकीत एवढं बसवताना १/२५० वाल्या कॅमेऱ्याला खालच्या कडेला बारीक सावली दिसू लागते. ही सावली काळ्या हॉलमध्ये लगेच दिसली असती. निळ्या पाण्यात ती महिनोन्महिने सापडत नाही.

वर्धा जिल्ह्याला समुद्र नाही. धाम, बोर, वणा या नद्यांच्या पाण्यात पावसाळ्यात आपलाच हात दिसत नाही. पण आपल्या सामग्रीची खरी मर्यादा शोधायला समुद्र लागतच नाही, एक पांढरी भिंत आणि रात्र पुरते. मालवणचं तिकीट काढण्याआधी कॅमेरा पेटीत घाला, स्ट्रोब आणि केबल जशी पाण्यात लावाल तशीच लावा, घरातले सगळे दिवे मालवा. स्ट्रोब पूर्ण ताकदीवर ठेवून भिंतीचे फोटो काढा: १/१२५, १/१६०, १/२००, १/२५०, १/३२०. जिथे खालच्या कडेला पहिली काळी रेघ उमटेल, त्याच्या एक पायरी अलीकडचा आकडा पेटीवर मार्करने लिहून ठेवा. पाण्यात रेघ काळी दिसणार नाही.